खालच्या सगळ्यांना लागू करा

बाळंतपणाच्या रजेवरून मी परत आले त्या दिवशी माझ्या खुर्चीची उंची बदललेली होती. टेबल तेच, खिडकी तीच, पण बसल्यावर पाय जमिनीला टेकेनात. माझ्या जागी सात महिन्यांसाठी घेतलेली मुलगी माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच होती. "सॉरी ताई, मीच वर केली होती," म्हणत ती वाकली, खुर्चीखालचा दांडा ओढला आणि मी सगळ्यांदेखत भसकन खाली आले. ती हसली. मीही हसले. हसण्याशिवाय करणार काय?

ऑफिसात तिला बदली म्हणत, कारण ती माझ्या बदली आली होती. तिलाही त्याचं काही वाटत नसे. फोन उचलून स्वतःच सांगायची, "बदली बोलतेय." मला मात्र दुसरंच नाव सुचायचं. आयत्या बिळावर नागोबा. तिचा करार महिनाअखेरीला संपत होता आणि मी दिवस मोजत होते.

आमची कंपनी लिफ्ट बसवते आणि बसवलेल्या सांभाळते. मेकॅनिक जागेवर जाऊन लिफ्ट तपासतो, मोबाइलवर अहवाल भरतो, आणि तो अहवाल पोर्टलवर येऊन पडतो. नकाशे, तक्रारी, पत्रं, सगळं तिथेच. ऑफिसातले आणि बाहेर फिरणारे असे सगळे त्या एकाच पोर्टलवर काम करतात, आणि सहा वर्षं ते मी सांभाळत होते. तिथे प्रत्येक कागदाचा एक प्रकार ठरलेला असतो. 'तपासणी अहवाल' हा एक प्रकार. त्यात कोणते रकाने असतील, कोणता भरल्याशिवाय अहवाल पुढे सरकणार नाही, हे त्या प्रकारात बांधलेलं असतं. मूळ प्रकार वर एकच, आणि त्याच्या नकला खाली त्रेचाळीस लायब्ऱ्यांमध्ये, म्हणजे कागदांच्या कप्प्यांमध्ये. शाळांची एक लायब्ररी, दुकानांची एक, रुग्णालयांची एक, अशा. वर काही बदललं की पोर्टल विचारतं, हे खालच्या सगळ्यांना लागू करायचं का? मी कायम 'नाही' म्हणत आले. मग एकेक लायब्ररी उघडून हातानं तोच बदल त्रेचाळीस वेळा करायचा. दोन दिवस जायचे, मान आखडायची.

बदलीनं त्यासाठी कोड लिहिला होता. पंचेचाळीस-पन्नास ओळींचा. तो चालवला की काळ्या पडद्यावर एकेका लायब्ररीचं नाव उमटत जायचं आणि पुढे हिरव्या अक्षरांत 'झालं'. साहेब तो तमाशा बघायला मुद्दाम केबिनबाहेर यायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, पूर्वी दोन दिवस लागत, आता चहा संपायच्या आत होतं. पूर्वी म्हणजे मी.

आमचे साहेब वाईट नाहीत. वाईट माणसावर निदान रागावता तरी येतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून बाळाची चौकशी केली, झोप होते का विचारलं, आणि मग म्हणाले की तळमजल्यावर जुन्या कागदांची खोली आहे, तिथे कोणीतरी जबाबदार माणूस हवंच आहे. वेळेवर येणं, वेळेवर जाणं. कोणाचे फोन नाहीत. बदलीला करार वाढवून पोर्टलवर ठेवावं असं त्यांच्या मनात होतं, पण महिनाअखेरीपर्यंत काही पक्कं नाही, मीही विचार करावा. "तुम्हाला सध्या हलकं काम बरं," ते म्हणाले.

हलकं. सहा महिन्यांचं पोर कडेवर घेऊन जिना चढणाऱ्या बाईला हलकं काम. ती खोली मी पाहिलेली होती. तिला खिडकी नाही.

घरी वेगळी तऱ्हा नव्हती. बाळाला दिवसभर सासूबाई सांभाळायच्या, आणि मी त्यांच्या खोलीत कपाटावर एक छोटा कॅमेरा लावला होता. ऑफिसातून मोबाइलवर बघायचे. बाळ श्वास घेतंय ना, तोंडावर दुपटं तर नाही ना आलं. सासूबाईंना कॅमेऱ्याचा राग नव्हता, गंमत वाटायची. कधी कधी त्याच्याकडे बघून हात हलवायच्या. "पोर बघून मोठं होत नाही गं, घेऊन होतं," असं एकदा जेवताना म्हणाल्या, आणि मी घास तसाच गिळला. बाळ माझ्याजवळ तासभर किरकिर करायचं आणि त्यांच्याकडे गेलं की पाच मिनिटांत झोपायचं. कसं झोपवता, विचारलं तर म्हणायच्या, "असंच." मग एका दुपारी कॅमेऱ्यात दिसलं. त्या अंगठ्यानं त्याचा डावा तळवा चोळत होत्या, वरून खाली, अगदी सावकाश. म्हणजे युक्ती होती. आणि मला सांगितली नव्हती. मी टेबलाखाली मूठ आवळून बसले आणि समोर बदली कोणाला तरी फोनवर सांगत होती, अहो सोपं आहे, मी दाखवते ना.

मग एक नवा नियम आला. इथून पुढे प्रत्येक तपासणी अहवालावर पुढच्या तपासणीची तारीख असलीच पाहिजे. म्हणजे नवा रकाना, सक्तीचा, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस लायब्ऱ्यांत, आणि तो सोमवार संपायच्या आत.

साहेबांनी आम्हा दोघींना एकत्र बसवलं. बदलीनं कोड मोठ्या पडद्यावर टाकला आणि ओळ न् ओळ मला दाखवली. दाखवायची काही गरज नव्हती. "ताई, एकदा नजर टाका," म्हणाली. "तुम्ही जुन्या आहात." शेवटून चौथ्या ओळीवर तिचा बाण थांबला. खालच्या सगळ्यांना लागू करा: होय. आधी तिनं छोटे बदल लायब्ररी-लायब्ररीत वेगवेगळे घातले होते. या वेळी वरूनच ढकलणार होती, एका फटक्यात. तिनं मला सरळ विचारलं, की तुम्ही हे 'होय' कधीच का वापरत नव्हता, काही कारण होतं का?

कारण होतं. चार वर्षांपूर्वी एका रुग्णालयाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत खाटेवर पेशंट. कोणाला काही झालं नाही, पण नंतर पाहिलं तर त्या लिफ्टच्या अहवालात दोरांचा रकाना कोरा. मेकॅनिकनं दोर तपासलेच नव्हते. तेव्हाच्या फोरमननं मला सांगितलं, रुग्णालयांपुरतं तरी असं करा, की दोरांचं भरल्याशिवाय अहवाल पुढे जाताच कामा नये. सगळीकडे सक्ती करता येत नव्हती, कारण तेलाच्या दाबावर चालणाऱ्या छोट्या लिफ्टना दोर नसतोच. म्हणून मी ती सक्ती फक्त रुग्णालयांच्या नकलेत घातली. वरून 'होय' म्हणून ढकललं, तर वरचं जसंच्या तसं खाली बसतं आणि खालच्या नकलेत वेगळं काही केलेलं असेल ते पुसलं जातं. रकाना राहतो, सक्ती जाते. कोणाच्या लक्षातही येत नाही.

फोरमन निवृत्त झाला. हे मी कुठेच लिहून ठेवलं नाही. वेळ नव्हता असं म्हणू शकते. पण एखादी गोष्ट फक्त आपल्यालाच ठाऊक असण्यात एक ऊब असते, आणि ती मला आवडत होती.

मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते. तेवढ्यात साहेब हसत म्हणाले, "अगं, त्यांना ते बटण दिसलंच नसेल."

बदली हसली नाही. ती माझ्याकडेच बघत होती. पण दाराशी उभे असलेले हिशेबनीस हसले, आणि माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. सहा वर्षं मी मान मोडून ज्यासाठी राबले, ते यांच्या लेखी न दिसलेलं बटण. मग चालवा, म्हटलं. बघू दे कोणाला काय दिसतं.

"ठीक आहे," मी म्हणाले. "माझ्या दृष्टीनं ठीक आहे."

हिरवं 'झालं' त्रेचाळीस वेळा उमटलं. रुग्णालयांचं नाव एकोणतिसावं होतं.

पुढचे दोन दिवस मी दर अर्ध्या तासाला दोन गोष्टी बघत होते. मोबाइलवर बाळ आणि पोर्टलवर रुग्णालयांची लायब्ररी. माझा बेत साधा होता. पहिला कोरा रकाना आला की तो छापायचा आणि साहेबांच्या टेबलावर ठेवायचा. बघा, तुमच्या जादूनं काय केलं. हे मला माहीत होतं, हिला नव्हतं. पोर्टल म्हणजे पन्नास ओळी नव्हेत. वाक्यंसुद्धा तयार होती. आंघोळ करताना म्हणून बघितली होती.

पण मेकॅनिक लोकांना सवय लागलेली. मंगळवारी चार अहवाल आले, चारही भरलेले. बुधवारी तीन, तेही भरलेले. मला हायसं वाटायला हवं होतं. मी हिरमुसले. त्या संध्याकाळी सासूबाईंनी बाळ माझ्या हातात दिलं, तर ते वळून त्यांच्याकडेच झेपावलं, आणि मी त्याला जरा जास्तच घट्ट धरलं. ते रडलं.  सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि दुपट्यांच्या घड्या घालायला लागल्या.

गुरुवारी अकराच्या सुमाराला आला. दोरांचा रकाना कोरा.

मला आनंद झाला. लपवून काय उपयोग? छातीत काहीतरी टुणकन उडालं. मी छापायला दिलं, यंत्रातून कागद बाहेर येताना हातानंच ओढून घेतला, आणि मग वरचा पत्ता वाचला. प्रसूतिगृह. लिफ्ट क्रमांक दोन, खाटेची.

अशाच एका लिफ्टमधून मला नेलं होतं. उताणी होते, छताला जाळीचा पंखा होता, आणि वर जाताना मी फक्त त्याची पाती मोजत होते, कारण दुसरं काही हातात नव्हतं. दोर असतात, ते कोणी तपासतं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आणि आमच्याच कंपनीत तो रकाना बांधणारी मी.

मी मेकॅनिकला फोन लावला. आमचा सगळ्यात जुना माणूस, त्याला सगळे काका म्हणतात. काका, दोन नंबरच्या लिफ्टचे दोर बघितले का? पलीकडे कुठलंतरी मोटरचं घरघरणं ऐकू येत होतं. काका म्हणाले, बघितले असतील.

"असतील म्हणजे?"

"म्हणजे ताई, परवा चार लिफ्ट केल्या, अहवाल आज बसून भरले. एरवी ते यंत्रच अडवतं, दोरांचं भरा म्हणतं. आज अडवलं नाही. मला वाटलं भरलंय."

 हातातला कागद कोणाच्या टेबलावर ठेवायचा हा प्रश्नच उरला नव्हता. काकांना तिथे परत पाठवायचं तर हातातलं काम सोडायची परवानगी लागणार, आणि तोवर लिफ्ट बंद ठेवायला रुग्णालयाला सांगावं लागणार. दोन्ही साहेबांच्या हातात. मी केबिनमध्ये गेले तेव्हा पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. नुसतं म्हणाले, प्रसूतिगृहाची दोन नंबरची लिफ्ट थांबवा, दोर बघितलेले नाहीत बहुतेक.

साहेबांनी आधी रुग्णालयाला फोन केला, मग काकांना. मग कागद बघितला, आणि हे यंत्रानं पुढे जाऊच कसं दिलं, म्हणत बदलीला हाक मारली.

ती लॅपटॉप घेऊन आली, उभ्या उभ्या कागद वाचला आणि एका सेकंदात ओळखलं. चेहरा उतरला तिचा. मला तो उतरलेला चेहरा बघायचा होता ना? बघितला. पुढच्याच क्षणी ती खाली बसून काहीतरी उघडत होती. कोड चालवायच्या आधी तिनं त्रेचाळीस लायब्ऱ्यांची जशी होती तशी यादी काढून ठेवली होती. प्रत्येक रकाना, त्याची सक्ती, बदल कोणी केला, कधी केला. आधीचं आणि नंतरचं तिनं शेजारी शेजारी लावलं, आणि तीन ओळी लाल झाल्या. रुग्णालयं, आणि आणखी दोन. त्या दोन तर मी स्वतः विसरले होते.

पहिल्या लाल ओळीच्या टोकाला माझं नाव होतं. चार वर्षांपूर्वीची तारीख.

तिनं ते वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. काही क्षणच असेल, पण मला सगळी मीटिंग तिच्या डोळ्यांसमोरून जाताना दिसली. काही कारण होतं का, ताई? माझ्या दृष्टीनं ठीक आहे.

तिनं पडदा किंचित स्वतःकडे वळवला, साहेबांना टोक दिसणार नाही असा.

"माझी चूक आहे, साहेब," ती म्हणाली. "यादी काढली होती, पण चालवायच्या आधी ती तपासली नाही. पाच मिनिटांत परत घालते." साहेबांनी विचारलं, हे वेगळं केलंय हे इथे कोणाला ठाऊक होतं की नाही? ती म्हणाली, खूप जुनं आहे, लक्षात राहणं अवघड आहे.

"होतं असं," साहेब म्हणाले. "पुढच्या वेळी बघ."

झालं. एवढंच. ज्याच्यासाठी मी आंघोळीत वाक्यं घोळवली, चार दिवस जीव टांगून बसले, ते अर्ध्या मिनिटात माफ. मला काही करायची गरजच नव्हती. तोंड मिटून उभी राहिले असते तर महिनाअखेरीला कदाचित माझंच नाव पुढे असतं. ती कोडवाली, पण घाई करते. ताई जुन्या, पण जपून करतात. साहेब असेच बोलतात.

पण ती माझ्यासाठी खोटं बोलली होती, आणि ते माझ्याच्यानं बघवेना. कोडमध्ये ती सरस, वागण्यातही तीच सरस, आणि आता माझी चूकही तीच घेऊन जाणार? ती तरी माझी राहू दे. लोक म्हणतील मी प्रामाणिकपणानं बोलले. तेव्हा पोटात जे होतं त्याला प्रामाणिकपणा म्हणत नाहीत.

"मला ठाऊक होतं," मी म्हणाले. "तिनं विचारलं तेव्हाही ठाऊक होतं. मी सांगितलं नाही."

साहेबांनी चष्मा काढला. का, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. बदलीची बोटं चालूच होती. ती सक्ती परत घालत होती. मग तिनं हळूच सांगितलं, झालं.

काकांचा फोन तासाभरानं आला. दोर ठणठणीत होते. "उगाच पळवलंत," ते म्हणाले, आणि मग जाता जाता सांगितलं, की लिफ्ट बंद होती तेवढ्यात एक बाई आली होती. दिवस भरलेली. दोन मजले पायऱ्यांवर थांबत थांबत चढून गेली, नर्सचा खांदा धरून. पोचली नीट. काकांनी ते सहज सांगितलं. मी फोन ठेवल्यावर बराच वेळ स्वच्छतागृहात नळ सोडून उभी होते.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी निर्णय सांगितला. महिनाअखेरीची वाट बघितली नाही. पोर्टल बदलीकडे. मी पहिल्या तारखेपासून तळमजल्यावर. त्याआधी, माझ्या डोक्यात पोर्टलचं जे जे म्हणून आहे, कुठली लायब्ररी का वेगळी, कुठे काय बांधलंय, ते सगळं बसून तिला लिहून द्यायचं. आवाज चढवला नाही त्यांनी. बाळाची चौकशी मात्र केली नाही.

त्या संध्याकाळी मी घरी सगळं सांगितलं. सासूबाई ऐकत होत्या, बाळ मांडीवर. मला वाटलं, टोमणा येणार. त्या म्हणाल्या, "चुकलंस." मग थोड्या वेळानं, "पण बोललीस." आणि त्या विषयावर पुन्हा काही नाही. मीही तळव्याचं काही विचारलं नाही. कोणत्या तोंडानं विचारणार होते?

आता आम्ही दोघी रोज दुपारी बसतो. ती माझ्या जागेवर, मी शेजारी दुसरी खुर्ची ओढून. मी सांगते, ती लिहून घेते. पहिले दोन दिवस आम्ही कामाशिवाय अक्षर बोललो नाही. ती विचारायची, "ही का वेगळी?" आणि मी उत्तर द्यायचे, कोर्टात दिल्यासारखं. तिसऱ्या दिवशी मी शाळांच्या लायब्ररीतल्या एका रकान्याची हकिगत सांगत होते. एका मुख्याध्यापकांनी लिफ्टची किल्ली गळ्यात घालून हरवली होती, त्यावरून तो रकाना आला. ती खुदकन हसली, मग आठवलं आणि थांबली. मग विचारलं. एकदाच.

"मी इतकी नकोशी होते का, ताई?"

मी तिला खरं ते सांगितलं. नकोशी असतीस तर सोपं होतं.

काल यादी अठ्ठावन्न मुद्द्यांवर आली. ती चहा आणायला उठली, आणि मी वरपासून खालपर्यंत वाचत गेले. सहा वर्षं, साडेचार पानांत. एक राहिलं होतं. नकाशांच्या लायब्ररीत एक जुना प्रकार आहे. दिसायला रिकामा. वापरात नाही असं समजून कोणीही काढून टाकेल. पण सगळ्यात जुन्या इमारतींचे नकाशे त्यालाच टांगलेले आहेत. हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. कोणाचा जीव त्यात अडकलेला नाही, फार तर नकाशे शोधायला दोन दिवस लागतील, आणि तेव्हा त्यांना तळमजल्यावर येऊन मला विचारावं लागेल.

मला त्यांची पावलं आताच तळमजल्याच्या जिन्यावर ऐकू आली. खरंच आली. साहेब, मागून ती.

बोट बराच वेळ कीबोर्डवर तसंच होतं. मग मी लिहिलं. एकोणसाठ. नाव, जागा, काय टांगलेलं आहे, का काढायचं नाही. ती दोन कप घेऊन आली, माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं आणि म्हणाली की हे तिला जन्मात सापडलं नसतं.

मला बरं वाटलं. बरं वाटल्याचा रागही आला. चहा गरम होता, आणि अजून चार लायब्ऱ्या बाकी होत्या.